भाजीचे नासाडी खाते
(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने भाजीपाल्यावर लेख लिहावा, याचे माझ्या मित्रांना हसू आले. पण जमाखर्चाचा खरा धडा मला वर्गात नव्हे, तर घरातल्या भाजीच्या बुट्टीपाशी मिळाला.

आमच्याकडे बेळगावच्या शनिवारच्या बाजारातून आठवड्याची भाजी एकदम येते. वडिलांची नोकरी सुटल्यापासून घर आईच्या शिवणकामावर चालते. बुधवार उजाडला की मेथी पिवळी पडे, कोथिंबिरीचा चिखल होई. आम्हां भावंडांना चांगले वाढून, सुकलेले, डागाळलेले आई स्वतः खाई. "पैसे घालून आणलेलं टाकूचं कसं रे?" हे तिचे ठरलेले उत्तर. शेवटी मी वहीत 'नासाडी खाते' उघडले. चार आठवड्यांत २६० रुपये नावे पडले!

मग मी शहाणपणा केला. सारी भाजी धुऊन, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गच्च बांधून आमच्या जुन्या फ्रीजमध्ये कोंबली. तिसऱ्या दिवशी पिशव्यांत पाणी आणि घरभर वास! पुढच्या शनिवारी भाजीवाल्या आक्कांना कन्नडमधून हे सांगितले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "तोळीब्याड तम्मा!" म्हणजे, 'धुऊ नकोस रे!' आम्ही पाणी मारतो ते दिवसभर विकण्यासाठी, आठवडाभर ठेवण्यासाठी नव्हे, हेही त्यांनीच समजावले. मग पुस्तके चाळली, तेव्हा त्यामागचे शास्त्र कळले.

खुडलेली भाजी मेलेली नसते. ती श्वास घेत असते. श्वसनात तिच्यातील साखर खर्च होते. म्हणजे भाजी आपले भांडवल मोडून जगते. उष्णता १० अंशांनी वाढली तर हा खर्च साधारण दुप्पट-तिप्पट होतो. त्यातच पाणी उडून गेले की ती कोमेजते आणि अंगावर ओल साचली की बुरशी धरते. कोमेजू द्यायची नाही आणि भिजवायचीही नाही, यातच सारी युक्ती आहे.

पालेभाजी आणल्याबरोबर सडकी पाने काढावीत, जुडीचा बंध सोडावा आणि न धुता कोरड्या सुती कापडात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. धुणे चिरण्याच्या आधी. टोमॅटो कच्चे असतील तर बाहेरच पिकू द्यावेत. काकडी, वांगी यांना फार थंडी सोसत नाही. ती दोन-चार दिवसांतच संपवावीत. पिकलेले टोमॅटो आणि केळी इथिलीन नावाचा वायू सोडतात. त्याने शेजारची पालेभाजी लवकर पिवळी पडते, म्हणून त्यांची टोपली निराळी हवी.

कांदा-बटाटा एकाच बुट्टीत ठेवण्याची आमची जुनी सवय चुकीचीच होती. बटाट्याच्या ओलीने कांदा खराब होतो. कांदा कोरड्या, वारा खेळणाऱ्या जागी ठेवावा. बटाटा अंधारात हवा. उजेडाने तो हिरवा पडतो आणि त्यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढते. ते शिजवूनही जात नाही. बटाटा बराच हिरवा वा कडू असेल तर टाकावा. तिथे काटकसर नको.

फ्रीज नसेल तर? मोठ्या मडक्यात लहान मडके बसवून मधल्या फटीत वाळू भरावी, ती ओली ठेवावी आणि वर ओले फडके घालावे. पाणी उडताना आतली उष्णता घेऊन जाते. नायजेरियातील मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने ही रीत १९९० च्या दशकात खेड्यांत पसरवली. पण ही युक्ती कोरड्या उन्हाळ्यातली. आपल्याकडच्या पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा तिचा उपयोग नाही.

हे सारे पाळल्यावर पुढील चार आठवड्यांत नासाडी खात्यात केवळ ४५ रुपये पडले. आक्कांनी एका शब्दात सांगितले, ते मला २६० रुपये घालवून कळले. वाचलेल्या पैशांतून काही मोठे घडले नाही. पण आता बुधवारी आईच्या ताटात आमच्याच ताटातली भाजी असते. ही जमा कोणत्या खात्यावर मांडावी, ते मात्र आमच्या पाठ्यपुस्तकात दिलेले नाही.