विंचवाचे विष आणि त्यावरचा उतारा



विंचू आपल्याला नवा नाही. आपल्या परळी भागात माळरान आहे, दगडधोंडे आहेत, जुनी माळवदाची घरे आहेत. कडब्याची गंज आहे, गोवऱ्यांचा ढीग आहे. तेथे विंचू असणारच. आपले कितीतरी लोक दर साली ऊसतोडीला जातात. कोपीत पाचटावर झोपतात. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' असे आपण म्हणतो. पण बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या माणसालाच विंचवाचे भय जास्त असते.

एकनाथ महाराजांचे विंचवाचे भारूड आपण सर्वांनी ऐकलेले आहे. त्यातला विंचू म्हणजे काम आणि क्रोध. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. विंचू चावल्यावर अंगाला घाम सुटतो, हे नाथांच्या भारुडातही आले आहे. हा घाम साधा नव्हे. तो काय सांगतो, हे चारशे वर्षांनंतर आपल्याच मराठवाड्यात जन्मलेल्या एका डॉक्टरने नीट उलगडले. त्याची हकिकत या पाठात वाचा.

काळा विंचू आणि तांबडा विंचू

विंचवाच्या पुष्कळ जाती आहेत. आपल्याकडे दोन प्रकार ओळखीचे आहेत. एक मोठा काळा विंचू. त्याला कोणी इंगळी म्हणतात. तो दिसायला भयंकर असतो. चावला की आग होते, माणूस रात्रभर तळमळतो. पण बहुधा जीव जात नाही.

दुसरा तांबडा विंचू. हा आकाराने लहान असतो. लोक म्हणतात, "एवढासा विंचू, काय करणार?" पण खरे भय याचेच आहे. याच्या विषाने धडधाकट माणूसही दगावतो. लहान लेकरांना तर धोका फार. लेकराचे अंग लहान, आणि विष तेवढेच.

बिरवाडीचा डॉक्टर

डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचा जन्म जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात झाला. घरची गरिबी होती. कष्ट करून ते शिकले, डॉक्टर झाले. 1976 साली ते महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. हे गाव आताच्या रायगड जिल्ह्यात आहे.

कोकणात तांबडा विंचू फार. विंचू चावलेले रोगी त्यांच्याकडे येत. काही बरे होत, काही डोळ्यांदेखत दगावत. त्या वेळी यावर खात्रीचे औषध नव्हते. गंभीर झालेल्या शंभर रोग्यांत पंचवीस-तीस जण मरत.

दुसरा कोणी म्हणाला असता, "आयुष्याची दोरी तुटली, आपण काय करणार?" बावस्करांनी तसे केले नाही. ते रोग्याजवळ बसले. नाडी मोजली. रक्तदाब मोजला. कोणते लक्षण आधी आले, कोणते मागून आले, ते लिहून ठेवले. एक रोगी झाला, दहा झाले, पुष्कळ झाले. मग त्या नोंदी एकापुढे एक ठेवून पाहिल्या. संशोधन म्हणजे दुसरे काय? नीट पाहणे, नीट लिहिणे आणि मग विचार करणे. मोठ्या यंत्राविनाही त्याची सुरुवात होते. लिहिता येणे किती कामाचे आहे, हे यावरून समजा.

त्या नोंदींतून एक गोष्ट दिसली. जे रोगी पुढे गंभीर झाले, त्यांना आधी दरदरून घाम सुटला होता, वांत्या झाल्या होत्या, हातपाय गार पडले होते. म्हणजे ही लक्षणे धोक्याची घंटा आहेत. 1982 साली लंडनच्या 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी हे छापले. खेड्यातल्या दवाखान्यातली माहिती साऱ्या जगाने वाचली.

विष काय करते?

आता विष शरीरात काय करते ते पाहू.

आपल्या अंगात नसांचे जाळे आहे. नसांतून निरोप जातात. त्या नसांना बारीक बारीक दारे असतात. पाटाच्या पाण्याला आपण दारे धरतो ना, तशी. निरोप आला की दार उघडते, निरोप गेला की बंद होते. तांबड्या विंचवाचे विष या दारांत अडकते आणि ती उघडीच ठेवते. मग निरोपांचा लोंढा सुरू होतो. भ्यालेल्या माणसाच्या अंगात जो रस सुटतो, तो या रोग्याच्या अंगात भसाभस सुटतो.

त्याने काय होते? घाम सुटतो. रक्ताच्या नळ्या आवळतात, म्हणून हातपाय गार पडतात. रक्तदाब चढतो.

विहिरीवरची मोटार डोळ्यांपुढे आणा. मोटार चालू आहे आणि कोणी पाइपावर पाय देऊन उभा राहिला. काय होईल? मोटारीवर ताण येईल, पाणी पुढे जाणार नाही, मागे तुंबेल. हृदय म्हणजे आपल्या अंगातील मोटार. नळ्या आवळल्या की हृदयावर ताण येतो. ते थकते. रक्त मागे फुप्फुसांत तुंबते. तेथून पाणी पाझरून फुप्फुसांत भरते. मग रोग्याला धाप लागते, खोकला येतो, तोंडावाटे गुलाबी फेस येतो. विंचवाने माणूस मरतो तो असा. हे सारे काही तासांत घडते.

गोळीचा शोध

रोगाची वाट कळली, की ती कोठे अडवायची तेही कळते. पाइपावरचा पाय काढला पाहिजे. म्हणजे आवळलेल्या नळ्या सैल केल्या पाहिजेत.

बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रसाइड हे औषध वापरून पाहिले. त्याने गुण आला. पण ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते. रोग्यावर सारखा पहारा ठेवावा लागतो. खेड्यात ते कसे जमावे?

तेव्हा त्यांचे लक्ष प्राझोसिन या गोळीकडे गेले. ही गोळी वाढलेल्या रक्तदाबावर देत असत. ती रक्ताच्या नळ्या सैल करते. ती तोंडाने घेता येते, स्वस्त आहे, लहान दवाखान्यातही ठेवता येते. विंचवाच्या रोग्यांना ती देऊन पाहिली आणि मरणारे रोगी वाचू लागले. 1986 साली 'लॅन्सेट'मध्ये हेही छापून आले. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचाही वाटा आहे.

पूर्वी शंभरात पंचवीस-तीस मरत. गोळी वेळेवर मिळू लागल्यावर हा आकडा शंभरात तीनच्या आत आला.

लस खरी की खोटी, हे कसे ठरवले?

मुंबईत परळ येथे हाफकिन संस्था आहे. तेथे विंचवाच्या विषावर लस तयार झाली. घोड्याला थोडे थोडे विष टोचतात. त्याच्या रक्तात विषाला मारक असा पदार्थ तयार होतो. तो काढून, शुद्ध करून माणसाला देतात. लस रक्तातले विष पकडते. गोळी विषाने आवळलेल्या नळ्या सैल करते. दोघींची कामे वेगळी आहेत.

पण दोन्ही दिल्याने जास्त फायदा होतो का? हे अंदाजाने सांगून चालत नाही. महाडला विंचू चावलेले 70 रोगी घेतले. त्यांचे दोन गट केले, 35 आणि 35. कोणी कोणत्या गटात जायचे ते चिठ्ठी उचलावी तसे ठरले, डॉक्टरच्या मर्जीने नव्हे. एका गटाला नुसती गोळी दिली. दुसऱ्याला गोळी आणि लस दोन्ही दिली. दहा तासांनी पाहिले. नुसती गोळी घेतलेल्या 35 पैकी 8 जण पूर्ण बरे झाले होते. गोळी आणि लस घेतलेल्या 35 पैकी 32 जण बरे झाले होते. हे काम 2011 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकात छापले गेले. दोन्ही मिळाले तर रोगी लवकर बरा होतो. लस नसली तरी गोळीने जीव वाचू शकतो.

2022 साली भारत सरकारने डॉ. बावस्करांना पद्मश्री दिली.

मंत्राने विंचू उतरतो का?

गावात कोणी तरी म्हणेलच, "आमच्या आज्याचा विंचू मंत्राने उतरला होता." आज्याला बरे वाटले, हे खोटे नाही. पण कशाने वाटले?

विंचू चावलेल्या पुष्कळ माणसांना नुसती कळ लागते. ती काही तासांनी, फार तर दिवसाने आपोआप ओसरते. तेवढ्या वेळात मंत्र झाला तर नाव मंत्राचे होते. झाडपाला लावला तर नाव पाल्याचे होते. काहीच केले नसते तरी ती माणसे बरी झालीच असती. पण ज्या लेकराला घाम आणि वांती सुटली, त्याच्या फुप्फुसात पाणी भरू लागते. ते पाणी मंत्राने थांबत नाही. मांत्रिकाच्या दारात जो तास जातो, तोच तास जीव वाचवण्याचा असतो.

देवाचे नाव घ्यायला कोणी मना करत नाही. वैजनाथाला हात जरूर जोडा. पण दवाखान्याच्या वाटेवर चालता चालता जोडा.

विंचू चावला तर काय करावे?

1. चावल्याची वेळ पाहून ठेवा. डॉक्टर ती विचारतील.
2. रोग्याला धीर द्या. त्याला चालवू नका. उचलून किंवा गाडीत न्या.
3. जागा साबण-पाण्याने धुवा. थंड पाण्याची घडी ठेवली तर चालते.
4. चिरू नका, चोखू नका, डागू नका, दोरीने आवळू नका. दारू पाजू नका.
5. अंगठी, बांगडी, जोडवी काढून ठेवा. सूज आली की निघत नाहीत.
6. घाम, वांती, गार हातपाय, धाप यांपैकी काहीही दिसले तर एक क्षण दवडू नका. कळ कमी आहे म्हणून धोका टळला असे समजू नका. लेकरू असेल तर लक्षणांची वाटही पाहू नका.
7. 108 या नंबरावर फोन करा. गाडी फुकट येते. जवळचे आरोग्य केंद्र गाठा. परळीच्या सरकारी दवाखान्यात न्या. आपल्याला अंबाजोगाईचे मोठे सरकारी रुग्णालयही जवळ आहे.
8. प्राझोसिनची गोळी आपल्या मनाने देऊ नका. किती द्यायची ते डॉक्टर वजन पाहून ठरवतात. गोळी दिल्यावर रोग्याला पडूनच ठेवावे. एकदम उठवले तर रक्तदाब उतरून घेरी येते.

विंचू चावूच नये म्हणून

विंचू रात्री फिरतो. म्हणून रात्री अनवाणी हिंडू नका, हातात बॅटरी घ्या. जोडा घालण्याआधी उलटा करून आपटा. खुंटीवरचे कपडे आणि अंथरूण झटका. लेकरांना बाजेवर निजवा. भिंतीच्या फटी लिंपून घ्या. गोवऱ्या, सरपण, दगड घराला लागून ठेवू नका. गोवरी काढताना आधी काठीने हलवा. पहिला पाऊस पडला की बिळात पाणी शिरते आणि विंचू बाहेर येतात. त्या दिवसांत जास्त जपा. ऊसतोडीला जाल तेथे जवळचा सरकारी दवाखाना कोठे आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

हा पाठ ज्याला वाचता येतो त्याने तो घरी आणि शेजारी मोठ्याने वाचून दाखवावा.

कठीण शब्द

उतारा – विष उतरवणारे औषध
रक्तदाब – रक्ताचा नळ्यांवर पडणारा जोर
संशोधन – नीट शोध घेऊन खरे काय ते ठरवणे

प्रश्न

1. विंचू चावल्यावर धोक्याची कोणती लक्षणे दिसतात?
2. गोळीचे काम काय आणि लसीचे काम काय?
3. रोग्यांचे दोन गट का केले?
4. तुमच्या गावापासून जवळचा सरकारी दवाखाना किती लांब आहे? रात्री तेथे कसे जाल? आजच घरात बोलून ठरवा आणि वहीत लिहा.