शनीचे दोन सहप्रवासी चंद्र

शनी म्हटले की आपल्याकडे अनेकांच्या मनात प्रथम साडेसातीचे भय उभे राहते. दुर्बिणीतून पाहणाऱ्याला मात्र तेथे कडी व चंद्र यांची नियमबद्ध व्यवस्था दिसते. त्या व्यवस्थेतील जेनस आणि एपिमेथियस या दोन चंद्रांची हकिकत पालकांनी व विद्यार्थ्यांनी अवश्य समजून घ्यावी.

१९६६ च्या डिसेंबरात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ऑदुआँ दोल्फ्यूस यांना कड्यांजवळ एक नवा चंद्र आढळला. त्याच सुमारास रिचर्ड वॉकर यांनीही तेथे चंद्र पाहिला. दोघांनी पाहिलेला चंद्र एकच, असे मानले गेले. परंतु नोंदी काही केल्या एका कक्षेत बसेनात. अखेर १९७८ मध्ये स्टीफन लार्सन व जॉन फाउंटन यांनी दाखवून दिले की, चूक नोंदींत नसून गृहीतकात होती. चंद्र दोन होते. १९८० मध्ये व्हॉयेजर-१ यानाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

हे दोन्ही चंद्र शनीच्या केंद्रापासून सुमारे १,५१,००० किलोमीटरवरून फिरतात. त्यांच्या कक्षांतील अंतर मात्र अवघे ५० किलोमीटर, आणि प्रत्येक चंद्राचा व्यास १०० किलोमीटरहून अधिक! मग टक्कर का होत नाही?

आतील कक्षेतील चंद्र किंचित वेगवान असतो. सुमारे चार वर्षांनी तो बाहेरच्या चंद्राला मागून गाठू लागतो. तेव्हा बाहेरचा चंद्र गुरुत्वाकर्षणाने त्याला पुढे ओढतो. त्यामुळे त्याची ऊर्जा वाढते, तो बाहेरच्या कक्षेत सरकतो आणि मोठ्या कक्षेत वेग कमी असल्याने मागे राहू लागतो. उलट, बाहेरच्या चंद्राला मागे ओढ बसते. तो ऊर्जा गमावून आत येतो व वेगाने पुढे निघून जातो. हजारो किलोमीटरचे अंतर राखूनच ही अदलाबदल होते. जेनस जवळजवळ चौपट जड असल्याने तो सुमारे २० किलोमीटर सरकतो, तर एपिमेथियस ८०.

बारा वर्षे न जुळणाऱ्या त्या नोंदी कोणी टाकून दिल्या नाहीत, म्हणूनच दुसरा चंद्र ओळखता आला. आपल्या पाल्याच्या प्रयोगवहीत अनपेक्षित निरीक्षण आढळले, तर ते खोडायला सांगण्यापूर्वी ते कसे मिळाले, एवढे आपण त्याला अवश्य विचारावे.