विंगवरचा आळ

चि. चिमू,

तुझा मेसेज वाचला. जॅकेट सोडून पाठीवर हवेची पिशवी असलेली बॅकप्लेट-विंग घेतलीस ते उत्तम केलंस, पण ‘मामा, ही विंग हवा सोडतच नाही, पाच मीटरवर आले की वर ओढून नेते’ हे काही मला पटलं नाही. विंगवर हा आळ जुनाच आहे. हॅवलॉक असो की मालवण, नवा डायव्हर आधी विंगला नावं ठेवतो, मग हवा भरायच्या-सोडायच्या इन्फ्लेटरला, आणि आपण पाण्यात कसे पडलो होतो हे मात्र त्याला आठवत नाही.

गवंड्याच्या पाणसळीतला बुडबुडा बघितलायस ना? जी बाजू उंच, तिकडे तो पळतो. विंगमधली हवाही तेवढंच करते. बटण दाबलंस म्हणून ती इन्फ्लेटरच्या होजपर्यंत चालत येणार नाही. होजचं तोंड विंगला डाव्या खांद्यामागे जोडलेलं असतं. तू आडवी आहेस, कंबर किंचित वर आहे, अशा वेळी हवा सगळी कमरेकडे. तिथून इन्फ्लेटर कितीही दाबलास तरी दोन बुडबुडे निघतील आणि तुला वाटेल, झाली रिकामी.

म्हणून इन्फ्लेटरने हवा काढायची तर आधी छाती थोडी वर घे, उजवीकडे जरा कल म्हणजे डावा खांदा सगळ्यात उंच होईल, मग होज डोक्याच्या वर सरळ धर आणि बटण दाब. होज छातीशी दुमडलेला ठेवून बटण दाबणारे मी रोज बघतो. आणि हे करताना पाय थांबव. छाती वर असताना पाय मारलेस की फिन तुलाच वर ढकलतात. इकडे हवा सोडतेयस आणि तिकडे वर चढतेयस, असा प्रकार होतो.

मागच्या डंप व्हॉल्व्हचं उलट. तो डाव्या कमरेपाशी. डोकं जरासं खाली, कंबर वर, पुन्हा उजवीकडेच थोडा कल, आणि दोरी ओढ. झटका देऊ नकोस. ओढ, सोड, पुन्हा ओढ. हवा संपल्यावरही दोरी धरून ठेवलीस तर त्याच वाटेने पाणी आत येतं. दोरीची गाठ नेमकी कुठे लोंबते हे किनाऱ्यावरच हाताला माहीत करून दे. पाण्यात चाचपडताना मुली हार्नेसची पट्टी ओढत बसतात, आणि मुलगे तर त्याहून जास्त.

तुझी विंग घोड्याच्या नालासारखी आहे की पूर्ण गोल, ते तू लिहिलं नाहीस. नालाची असेल तर खाली दोन्ही बाजू जुळलेल्या नसतात. उजव्या बाजूची हवा मागच्या व्हॉल्व्हला येऊ शकत नाही, तिला खांद्यावरूनच डावीकडे यावं लागतं. त्या विंगला आधी छाती वर, मग कल. गोल विंगमध्ये हवा दोन्हीकडून फिरते, त्यामुळे ती जास्त माफ करते. नवशिक्याला मी गोलच सांगतो.

आता पाच मीटरचं. 20 मीटरवर दाब 3 बार, 10 वर 2, वर 1. म्हणजे 20 वरून 10 वर येताना विंगमधली हवा दीडपट होते, आणि 10 वरून पृष्ठभागापर्यंत दुप्पट. इथे मालवणात किल्ल्याच्या बाजूला आठ-दहा मीटरात डाइव्ह करणारे आमचे पोरगे ‘उथळ आहे, काय होतंय’ म्हणतात. फुगण्याचा सगळा जोर त्या उथळातच असतो. तेव्हा वर जायला लागण्याआधी थोडी सोड. वर ओढलं जातंय असं कळेपर्यंत थांबलीस, तर हवा तुझ्या पुढे धावते आणि तू मागे. इन्फ्लेटर डाव्या हातात, मिनिटाला नऊ मीटरच्या आत, मध्येमध्ये चिमूटभर सोडत. आणि श्वास चालूच. तो कधीही अडवून धरायचा नाही, हे तुला सांगायला नको, तरी सांगतो.

माझा खरा संशय मात्र तुझ्या वजनांवर आहे. तुमच्याकडचं 11 लिटरचं ॲल्युमिनियमचं सिलिंडर 200 बारवरून 50 वर आलं की सुमारे दोन किलो हवा संपलेली असते. सुरुवातीला विंगमध्ये तेवढ्यापुरते दोनेक लिटर असणं रास्त. शेवटी ती जवळजवळ रिकामी हवी. शेवटीही फुगलेली असेल, तर कमरेला जादा शिसं आहे आणि ते उचलायला तू जादा हवा भरतेयस. प्रत्येक जादा किलोमागे एक लिटर, आणि तोच लिटर वर येताना फुगतो. पुढच्या डाइव्हच्या शेवटी 50 बार उरले असताना पाच मीटरवर विंग पूर्ण रिकामी करून बघ. बुडतेयस? एक किलो काढ. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघ. तिथल्या सेंटरवाल्यांना पर्यटक लवकर खाली न्यायचे असतात म्हणून ते वजन सढळ हाताने देतात. त्यांचं ठीक आहे, पण तू डाइव्हमास्टर व्हायला निघालीस.

इन्फ्लेटरचं भरायचं बटण अडकलं तर आधी लो-प्रेशर होज काढायचा, एका हाताने, दुसऱ्याने हवा सोडत. हातमोजे घालून आणि डोळे मिटून सराव कर. रोज संध्याकाळी विंगमध्ये गोडं पाणी घालून खळखळव आणि उलटी करून काढ. डंपच्या रबराखाली मिठाचा खडा किंवा वाळूचा कण बसला की व्हॉल्व्ह गळतो, आणि मग हवा राहत नाही अशी तुझी दुसरी तक्रार येईल.

विंग कुठल्या आकाराची ते कळव, जमल्यास आडवी पोहतानाचा व्हिडिओ पाठव. आणि ताईला फोन कर. तुझे फोटो तिला इन्स्टाग्रामवर शेजारीण दाखवते, त्यावरून घरात रोज भांडण होतं.

तुझा,
मामा