आग्वाद असताना रेईश मागूश कशाला?

प्रश्न : पणजीहून मांडवीपलीकडे टेकडीवर एक किल्ला दिसला. तो आग्वाद असेल असं वाटलं, पण निघाला रेईश मागूश. आग्वादसारखा बलदंड किल्ला इतक्या जवळ असताना पोर्तुगीजांनी हा दुसरा का बांधला? आणि मुद्दाम वाट वाकडी करून पाहावा असं तिथे काही आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : खरं तर दुसरा आहे तो आग्वाद! रेईश मागूश १५५१चा. आग्वाद पुरा झाला १६१२ मध्ये, डच जहाजं गोव्याच्या किनाऱ्यावर घिरट्या घालू लागल्यावर.

राजधानी तेव्हा आत, जुन्या गोव्यात होती आणि तिकडे जाणारी जहाजं मांडवीतूनच जात. मुखाशी नदीचं पात्र ऐसपैस आहे. रेईश मागूशपाशी ते आवळतं. इथे काठावर तोफ असली की जहाजाला अंग चोरायला जागाच उरत नाही. हे पोर्तुगीज अनुभवाने शिकले होते. १५१०च्या पावसाळ्यात विजापूरच्या आदिलशहाने पोर्तुगीजांकडून गोवा परत घेतला, तेव्हा त्यांचा सेनानी आल्बुकर्क याचं आरमार मांडवीतच अडकलं. खवळलेल्या समुद्रामुळे बाहेर पडता येईना, वर दोन्ही काठांवरून तोफांचा मारा आणि जहाजांवर उपासमार. पुढे गोवा पुन्हा हाती आल्यावर पोर्तुगीजांनी हाच काठ पक्का केला, यात नवल ते काय!

१७३९मध्ये सावंतवाडीच्या भोसल्यांनी या किल्ल्यांभोवतीचा बारदेश व्यापला, तेव्हा तिथे पोर्तुगीजांकडे उरले ते रेईश मागूश आणि आग्वादच.

आता पाहण्याचं. किल्ला आटोपशीर आहे, तासाभरात होतो. रायगड-राजगड पायाखाली घातलेल्यांना चढ जाणवणारही नाही. १९९३पर्यंत इथे तुरुंग होता. (गोव्यातला इतका सुंदर देखावा कैद्यांच्या वाट्याला यावा, हेही खासच.) मग हेलन हॅम्लिन ट्रस्टच्या मदतीने, वास्तुरचनाकार जेरार्ड द कुन्हा यांच्या देखरेखीखाली दुरुस्ती झाली आणि २०१२मध्ये किल्ला लोकांसाठी खुला झाला. आत व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं आहेत. ती घाईत पाहू नका. प्रवेशद्वारावरचं भोक मात्र मान वर करून शोधावं लागतं. शत्रू दाराशी आला की त्यातून उकळतं तेल ओतायची सोय होती.

पणजीहून फेरीबोटीने बेतीला उतरा आणि वेऱ्यावरून जा. आधी तटावर उभं राहून नदीचा आवळलेला गळा बघा, आग्वाद नंतर करा. उलट क्रमाने गेलात, तर आग्वादच्या पसाऱ्यानंतर हा किल्ला उगाच लहान वाटेल.