आगगाडी खाडी ओलांडते

मुंबईचा नकाशा उघडून आपल्यासमोर ठेवा. अरबी समुद्रात दक्षिणेकडे शिरलेली जमिनीची एक चिंचोळी पट्टी तुम्हांला दिसेल. या पट्टीच्या दक्षिण टोकाशी किल्ल्याचा भाग, गोदी, सरकारी कचेऱ्या व मोठमोठ्या पेढ्या आहेत. उत्तरेकडे जावे तसतशी वस्ती पसरत गेलेली आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, ती याच पट्टीवरून. पुढे जे लोहमार्ग झाले, तेही उत्तर-दक्षिण असेच झाले. समुद्राने दोन्ही बाजू अडविल्यावर रुळांनी तरी दुसरीकडे कोठे जावे?

त्यामुळे मुंबईच्या आगगाड्यांना एक चमत्कारिक रोग जडला. सकाळी दक्षिणेकडे जाणारी गाडी इतकी भरते की दारात उभे राहावयासही जागा मिळत नाही. तीच गाडी परत उत्तरेकडे निघते, तेव्हा तिच्यातील बाके मोकळी असतात. संध्याकाळी याच्या नेमके उलट घडते. गाडी तीच, वीज तितकीच, मोटरमन व गार्ड तेच. पण काम मात्र अर्धेच होते. घरे एका टोकास व कामे दुसऱ्या टोकास असली, म्हणजे असे होणारच. आणखी गाड्या सोडल्या तर गर्दी थोडी हलकी होईल, पण रोग जाणार नाही.

आता नकाशावर मुंबईच्या पूर्वेस पाहा. ठाण्याची खाडी ओलांडली की पलीकडे मुख्य भूमी लागते. साठ वर्षांपूर्वी तेथे भाताची खाचरे, मिठागरे आणि आगरी व कोळी लोकांची गावे होती. ट्रॉम्बेच्या किनाऱ्यावरून हा प्रदेश समोर दिसे. परंतु जमिनीवरून तेथे जावयाचे तर उत्तरेस ठाण्यापर्यंत जाऊन वळसा घालावा लागे. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी एक योजना लोकांपुढे मांडली. पहिले दोघे वास्तुशास्त्रज्ञ, तर तिसरे स्थापत्य अभियंते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मुंबई उत्तरेकडे लांबविण्याऐवजी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे. तेथे केवळ घरे बांधू नयेत, तर कचेऱ्या, बाजार व कारखानेही न्यावेत. म्हणजे काही माणसे इकडून तिकडे कामास जातील, काही तिकडून इकडे येतील, आणि गाड्या दोन्ही वेळा भरून धावतील.

शासनाने ही कल्पना स्वीकारली. मार्च १९७० मध्ये शहर आणि औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजेच सिडकोची, स्थापना झाली. ९५ गावांचा सुमारे ३४४ चौरस किलोमीटर प्रदेश नव्या शहरासाठी निश्चित करण्यात आला.

शहराचा आराखडा करणाऱ्यांनी एक गोष्ट मोठ्या दूरदृष्टीने केली. घरांच्या रांगा काढण्यापूर्वीच त्यांनी लोहमार्गासाठी लागणारी जमिनीची पट्टी नकाशावर राखून ठेवली. वाशी, नेरूळ, बेलापूर, पनवेल अशा वसाहती त्यांनी या पट्टीवर माळेतील मण्यांप्रमाणे ओवल्या. स्थानक वसाहतीच्या मध्याजवळ असले म्हणजे पुष्कळ लोकांना घरून पायी चालत गाडी गाठता येते. जुन्या शहरांत हे साधत नाही. तेथे आधी घरे होतात, मग दुकाने होतात, आणि शेवटी रूळ टाकावयाची वेळ आली की कोणाचे तरी घर पाडावे लागते.

लोहमार्गाची आखणी रस्त्याच्या आखणीहून अवघड असते. रस्त्याला हवे तेव्हा वळण देता येते, लहानसा चढही चढविता येतो. आगगाडीचे चाक पोलादी व रूळही पोलादी. गुळगुळीत पोलादावर पोलाद सहज घरंगळते, म्हणून थोड्या शक्तीत मोठे ओझे ओढले जाते. पण याच गुणामुळे ते चढावर घसरते. बोरघाटात ३७ मीटर पुढे जाताना रूळ १ मीटर उंच होतात. तुम्हांला-मला हा चढ चालताना फारसा जाणवणारही नाही. परंतु तेवढ्यासाठी आगगाडीला मागून ढकलणारी जादा इंजिने जोडावी लागतात. म्हणून उपनगरी मार्ग आखताना शक्य तितका सपाट व सरळ ठेवावा लागतो. खालून होड्या जाव्यात इतका पूल उंच हवा; आणि त्या उंचीवर गाडीला अलगद चढता यावे, यासाठी दोन्ही तीरांवर दूरवरून भराव घालत आणावा लागतो.

हे सर्व कागदावर ठरले. तरी गाडी मात्र आली नाही. १९७३ साली खाडीवर मोटारींसाठी पूल झाला. त्यावरून बसगाड्या वाशीला जाऊ लागल्या. घरे बांधून तयार होत होती, पण ती घेण्यास माणसे बिचकत. आजारी माणसाला रात्री मुंबईत न्यावयाचे झाले तर काय करावे? सकाळची बस चुकली तर कचेरीत वेळेवर कसे पोहोचावे? मुंबईकडून येणारा लोहमार्ग तर अलीकडच्या तीरावर मानखुर्दला येऊन थांबला होता. या मार्गाचा चेंबूरपर्यंतचा भाग मुळात शहरातील कचरा वाहून नेणाऱ्या गाड्यांसाठी बांधलेला होता, हे ऐकून तुम्हांला गंमत वाटेल.

वीस वर्षे हा प्रश्न ‘बीज आधी की वृक्ष आधी’ अशा स्वरूपाचा होऊन बसला. वस्ती थोडी असताना एवढा खर्च करून मार्ग बांधावा कशाला, असा विचार एका बाजूस. आणि मार्ग नाही तोवर तेथे राहावयास जावे कशाला, असा दुसऱ्या बाजूस. त्यात आणखी एक अडचण होती. शासनाच्या मुख्य कचेऱ्या खाडीपलीकडे जातील, अशी आराखडा करणाऱ्यांची अपेक्षा होती. पण त्याच काळात दक्षिण मुंबईत नरिमन पॉइंट येथे समुद्र हटवून उंच उंच इमारती उभ्या राहत होत्या. ज्या टोकाचे ओझे कमी करावयाचे, त्याच टोकावर नवे ओझे चढत होते.

बसगाड्या वाढवून भागले नसते काय, असे कोणी विचारील. येथे एक लहानसे गणित करून पाहा. नऊ डब्यांच्या उपनगरी गाडीतून सुमारे १,७०० उतारू बेताच्या गर्दीत प्रवास करू शकतात. दर पाच मिनिटांनी एक गाडी सोडली, तर तासाला १२ गाड्यांतून २०,४०० माणसे जातात. एका बसमध्ये ६० माणसे धरली, तर तेवढ्यांसाठी तासाला ३४० बसगाड्या हव्यात. म्हणजे पुलाच्या तोंडाशी दर दहा-अकरा सेकंदांस एक बस यावयास हवी! आणि कामाच्या वेळी मुंबईच्या अशा एका गाडीत ४,५०० पर्यंत माणसे कोंबलेली असतात, हे ध्यानात घेतले तर बसगाड्यांची संख्या कोठवर जाईल, हे तुम्हीच काढा.

राहिला पैशाचा प्रश्न. त्यावर निघालेला तोडगा समजून घेण्याजोगा आहे. समजा, एका गावाबाहेर एक माळ आहे आणि त्याला कोणी विचारीत नाही. उद्या तेथे स्थानक होणार असे कळले, की त्याच माळाची किंमत एका रात्रीत चढते. माळाने काही केलेले नसते. ही वाढ आगगाडीने केलेली असते. मग त्या वाढीतूनच आगगाडीचा खर्च का काढू नये? खाडीपलीकडची जमीन सिडकोच्या हाती होती. तेव्हा मार्गाच्या खर्चाचा सुमारे दोनतृतीयांश भाग सिडकोने द्यावा व उरलेला रेल्वेने सोसावा, असा करार झाला. सिडकोने स्थानकेही नेहमीपेक्षा निराळी बांधली. वाशी व बेलापूर येथे स्थानकांच्या डोक्यावर कचेऱ्यांच्या प्रशस्त इमारती आहेत, आणि जागांच्या विक्रीतून व भाड्यातून पैसा उभा राहिला. तिकिटावर थोडा अधिभारही बसविण्यात आला.

ही युक्ती चतुर खरी. परंतु तिच्या मुळाशी एक काटा होता. ज्या जमिनीची किंमत चढली, ती पूर्वी शेतकऱ्यांची होती. शासनाने ती घेतली, तेव्हा भाताचे खाचर किंवा मिठागर म्हणून तिचे मोल ठरविले गेले. गावठाणे जागच्या जागी राहिली, पण भोवतालची शेते गेली. घराच्या ओट्यावर बसून आपल्याच जुन्या शेतात उंच इमारत चढताना पाहणे सोपे नाही. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी मोठा लढा उभारला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासईच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकांना परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. आराखड्यातील राखून ठेवलेली ती रेघ कोणाच्या तरी बांधावरून गेलेली होती, हे नकाशा पाहून कळत नाही.

खाडीवरील लोहमार्गाचा पूल अखेर उभा राहिला. मोटारींच्या पुलाच्या शेजारीच तो आहे. येथे खाडीचे पात्र दीड किलोमीटरहून अधिक रुंद आहे आणि तळाशी चिखल आहे. चिखलावर खांब टिकत नाही. त्याचा पाया खालच्या कठीण खडकापर्यंत न्यावा लागतो, आणि दिवसातून दोन वेळा भरती व दोन वेळा ओहोटी येत असता हे काम करावयाचे असते. खारे पाणी व खारी हवा लोखंडाला गंज चढवितात, हे निराळेच.

मे १९९२ मध्ये मानखुर्दहून निघालेली गाडी पूल ओलांडून वाशीस आली. १९९३ मध्ये ती नेरूळ व बेलापूरपर्यंत गेली आणि १९९८ मध्ये पनवेलला पोहोचली. तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून, पनवेल सुमारे ५० किलोमीटर आहे. एके काळी जे ‘लांब’ वाटत होते, ते आता तासा-दीड तासावर आले. घरे भराभर भरली. २००१ च्या जनगणनेत नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत सुमारे ७ लाख लोक होते. २०११ मध्ये ही संख्या ११ लाखांवर गेली. पनवेलकडील वसाहती यांत धरलेल्या नाहीत. हिवाळ्यात या पुलावरून जाणाऱ्या उतारूंना ओहोटीच्या चिखलात चरणारे रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे दिसतात. गर्दीत खिडकी मिळणे मात्र नशिबाची गोष्ट!

आणि गाड्या दोन्ही वेळा भरून धावाव्यात, या मूळ इच्छेचे काय झाले? मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांत ती निम्मीशिम्मीच फळाला आली. सकाळी तिकडेच जास्त गर्दी असे. परंतु २००४ साली ठाण्याहून वाशीला जाणारा दुसरा मार्ग सुरू झाला. हा मार्ग मुंबई बेटाला शिवतही नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने आणि ऐरोली, घणसोलीकडील नव्या कचेऱ्या यांत काम करणारे लोक कल्याण, डोंबिवली, ठाणे येथून या मार्गाने येऊ लागले. कामाला जाणे म्हणजे दक्षिणेस जाणे, ही शंभराहून अधिक वर्षांची सवय येथे प्रथम मोडली. माझ्या मते खाडीवरच्या भव्य पुलाइतकेच या साध्यासुध्या मार्गाचे महत्त्व आहे. पण पुलाकडे सर्वांचे लक्ष जाते आणि याच्याकडे कोणाचे जात नाही.

नेरूळपासून आणखी एक फाटा उरणकडे न्यावयाचा, असेही मागच्या शतकातच ठरले होते. मार्गाची लांबी सुमारे २७ किलोमीटर. एवढ्यासाठी दोन तपांहून अधिक काळ लागला! कोठे जमीन मिळेना, कोठे खारफुटीचे वन आडवे आले. खारफुटी हे निरुपयोगी झुडूप नव्हे. ती किनारा धरून ठेवते, आणि तिच्या मुळांच्या आसऱ्याने मासे व खेकडे वाढतात. त्यावर कोळ्यांची चूल पेटते. म्हणून ती तोडण्यापूर्वी न्यायालयाची व वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. त्यात वेळ जातो, पण तो वेळ वाया गेला असे म्हणता येत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये गाडी खारकोपरपर्यंत आली. तेव्हा उलवे येथे इमारतींच्या रांगा उभ्या राहू लागल्या होत्या. जानेवारी २०२४ मध्ये ती उरणला पोहोचली. तोपर्यंत उरणच्या माणसाला मुंबईस जावयाचे तर रस्त्याने खाडीला वळसा घालावा लागे, नाही तर मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरावे लागे. आणि समुद्र खवळला, की लाँच बंद.