वास गेला म्हणजे औषध गेलं नाही

अगं, परवा फोनवर म्हणालीस ना, "ताई, दोनदा कॅप्टन मारलं तरी द्राक्षावरची डाऊनी बुरशी हटेना, औषधच भेसळीचं दिसतंय." असेलही. पण दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी एवढं कर. बोअरचं पाणी पेल्यात घे आणि त्यात सामू बघायची पट्टी बुडव. आपल्याकडची पुष्कळ बोअरं जड पाण्याची, सामू 8 च्या पुढे जाणारा. अशा पाण्यात कॅप्टन तग धरत नाही. पाण्याचा सामू 5 असला तर ते निम्मं व्हायला साधारण 32 तास लागतात, 7 असला तर 8 तास, आणि 10 असला तर जेमतेम 2 मिनिटं. ड्रममध्ये काठीने ढवळता ढवळताच त्याचा जीव जातो.

हे मी पैसे घालवून शिकले. एका वर्षी संध्याकाळी औषध कालवलं आणि लाईट गेली. टाकून कसं द्यायचं म्हणून ड्रमवर गोणपाट टाकून झोपलो आणि पहाटे तेच फवारलं. ड्रममध्ये ते तसंच दुधासारखं पांढरं दिसत होतं गं! आठ दिवसांनी पानं उलटून पाहिली तर खाली पांढरी बुरशी तशीच. तेव्हापासून मी आधी पाण्यात थोडं थोडं सायट्रिक ॲसिड घालून सामू 6 च्या आसपास आणते, मग औषध, आणि कालवलेलं तासाभरात बागेत. बोर्डोच्या टाकीत मात्र ॲसिड चुकूनही घालू नकोस, तांबं मोकळं होऊन पानं भाजतील. आणि बोर्डोत मोरचुदाबरोबर चुना असतो, म्हणून कॅप्टन त्याच्यात मिसळायचं नाही.

पानावर पडलं की ऊन, दव आणि झाडाचा रस मिळून औषध मोडत जातं. समज, एखादं 5 दिवसांत निम्मं होतं. मग 10 दिवसांनी पाव राहतं, 15 दिवसांनी दोन आणे. शून्य कधीच होत नाही, म्हणून तर तोडणीआधी किती दिवस फवारणी बंद ठेवायची ते ठरवून दिलेलं असतं. मणी फुगत असताना अंश पातळही होतो, कारण औषध तेवढंच आणि मणी मोठा. पण तू यंदा प्लास्टिकचं आच्छादन घातलंयस. त्याखाली पावसाने धुऊन जाणं नाही आणि अतिनील किरणंही कमी, तेव्हा तुझ्या बागेत औषध जास्त दिवस रेंगाळेल असंच धरून चाल. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची यादी भिंतीवर लाव आणि त्यातल्या दिवसांवर आपल्या मनाने दोन-चार दिवस वाढव.

आता जे मला खरं सांगायचंय ते ऐक. मोडलं म्हणजे निर्विष झालं असं नाही. डायमेथोएट झाडात मोडतं तेव्हा त्यातून ओमेथोएट तयार होतं, आणि ते मूळ औषधापेक्षा जास्त विषारी. ॲसिफेटचंही तसंच, त्याचं मेथामिडोफॉस होतं. बाटलीवर जे नाव असतं ते तुझ्या घडात नसेलही, त्याचं पोर असेल. ही आंतरप्रवाही औषधं रसातून फिरतात, ती नळाखाली धरून धुतल्याने निघत नाहीत. आणि 2010 साल आठवतं ना? क्लोरमेक्वाट क्लोराइड, आपण फुटवा आवरायला मारायचो ते. मारायचं छाटणीनंतर, द्राक्षं जायची कितीतरी दिवसांनी, तरी युरोपात त्याचा अंश सापडला आणि कंटेनर अडकले. किती घरं त्या वर्षी रडली! वेलीने ते पोटात धरून ठेवलं होतं.

मातीचं गणित आणखी निराळं. इमिडाक्लोप्रिड उघड्या पाण्यात उन्हाखाली काही तासांत मोडतं, आणि तेच मातीत अंधारात गेलं की महिनोन् महिने राहतं. तिथे ते मोडायचं काम जिवाणूंचं. त्यांना ओल हवी, ऊब हवी, शेणखत हवं. उन्हाळ्यात भेगाळलेल्या कोरड्या रानात ते काम जवळजवळ थांबतं. मोरचुदातलं तांबं तर मोडतच नाही, कारण ते मूलद्रव्य. सासऱ्यांनी तीस वर्षांत मारलेलं तांबं बरंचसं तुझ्या वरच्या वीतभर मातीतच आहे. म्हणून बोर्डो हात राखून मार.

आणि विहिरीच्या काठावर पंप धुणं आजपासून बंद. तिच्या तळाशी ऊन पोचत नाही, जिवाणूही थोडे, तिथे गेलेलं लवकर मोडत नाही. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी टाकीतच ओत. ब्लोअरच्या शेवटच्या ओळीला लागून जो मेथीचा वाफा केलायस, तो घराच्या पलीकडे हलव. वाऱ्याचा झोत सगळा त्याच्यावर येतो. द्राक्षाला आपण दिवस मोजतो, मेथी तर तू दुसऱ्या दिवशी खुडून पोरांच्या ताटात वाढतेस.

पट्टीचा रंग कोणता आला ते संध्याकाळी फोन करून सांग. मी जागीच असेन.