सिन्नर : डोंगराआडचे गाव

इगतपुरी आणि सिन्नर यांत सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटर अंतर आहे. दोन्ही गावे समुद्रसपाटीपासून ६०० ते ७०० मीटर उंचीवर. तरी इगतपुरीस वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सिन्नरला ५००-५५० मिलिमीटरवर भागवावे लागते. असे का व्हावे?

पावसाला नुसती उंची पुरत नाही. हवा वर चढावी लागते. अरबी समुद्रावरून आलेला दमट वारा कोकणातून सह्याद्री चढू लागतो. वर दाब कमी, म्हणून हवा प्रसरण पावते. त्यासाठी लागणारी ऊर्जा ती स्वतःच्याच उष्णतेतून खर्च करते आणि थंड होते. (सायकलच्या पंपात याच्या उलट घडते. हवा दाबली की पंप तापतो.) कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने निवते. बाष्पाचे पाणी होऊ लागले की सुप्त उष्णता बाहेर पडून हा वेग मंदावतो. घाटमाथा ओलांडल्यावर चढ संपतो, बरेचसे बाष्पही सांडून गेलेले असते. सिन्नर या पर्जन्यछायेत येते.

तरीही येथे वस्ती जुनी आहे. नवव्या शतकातील यादव राजा सेउणचंद्र याचे सेउणपूर म्हणजेच सिन्नर, असे मानतात. पुढे बाराव्या शतकात पाचव्या भिल्लमाने राजधानी देवगिरीस नेली. गोंदेश्वराचे देऊळ मात्र येथे राहिले. वस्तीला आधार देवनदीचा. तिच्यावर बंधारे घालून पाटाने पाणी शेतात नेत. पाटाला पंप लागत नाही, गुरुत्वाकर्षण पुरते. उतार मात्र नेमका साधावा लागतो. तो फार झाला तर माती धुपते, कमी झाला तर गाळ साचतो.

नदीपासून दूर, तालुक्याच्या पूर्व भागात विहिरींवर भिस्त. पण अखंड काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही; ते भेगांत आणि वरच्या मुरमात तेवढे साठते. म्हणून पाऊस हुकला की टँकर येतो. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या उंच वाळवंटात राहणाऱ्या नवाहो लोकांपैकीही अनेक कुटुंबांना आज पाणी गाडीने वाहून आणावे लागते.

आता एक गणित. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. २० चौरस मीटर छपरावर ५०० मिलिमीटर पावसाचे पाणी किती? (वर्गात पहिले उत्तर हमखास एका शून्याने चुकते.) १०,००० लिटर! पाच माणसांना रोज माणशी ४० लिटर धरले, तर ते ५० दिवस पुरेल. अर्थात थोडे वाया जाईलच. आपल्या घराचे छप्पर मोजा आणि हेच गणित पुन्हा करून पाहा.